लोणीमामांचा उजवा पाय

मामांचा उजवा गुडघा बदलावा लागला आणि सहा आठवडे गाडी चालवायची नाही असं डॉक्टरांनी बजावलं, तेव्हा मामी मनातून खूश झाल्या. नवऱ्याचं दुखणं बघून खूश होण्याइतक्या त्या दुष्ट नव्हत्या. पण लग्नाला चौतीस वर्षं होऊन गेली होती आणि नवरा शेजारी बसलेला असताना स्टिअरिंग एकदाही त्यांच्या वाट्याला आलं नव्हतं. गाडी त्या चालवत, नाही असं नाही. पण मामा घरी नसताना. आणि परत आल्यावर, उतरण्याआधी, समोरच्या पडद्यावरचा इंधनाच्या सरासरीचा आकडा बटण दाबून शून्यावर आणून ठेवत. तो आकडा मामांच्या नजरेस पडण्यात घराचं भलं नव्हतं.

कारण मामांचा पाय हा साधासुधा पाय नव्हता. एकतीस वर्षं त्यांनी कुठेही न जाणाऱ्या गाड्या चालवल्या होत्या. गाड्यांच्या कंपनीत एक बंद खोली होती. तिथे गाडीची चाकं जमिनीतल्या मोठ्या रोलरवर ठेवायची, ड्रायव्हरसमोर पडदा लावायचा आणि पडद्यावर एक रेघ सरकत जायची, कधी वर, कधी खाली, कधी सपाट. रेघ सांगेल तेवढा वेग ठेवायचा. गाडी बोटभरही हलत नाही, फक्त इंधन किती जळलं ते मोजलं जातं. एका लिटरला किती किलोमीटर, हा आकडा कागदावर येतो आणि त्याखाली ड्रायव्हरची सही.

या कामात मामांचा हात, म्हणजे पाय, धरणारा कोणी नव्हता. पाय ठेवलाय की उचललाय हे पेडललासुद्धा कळू नये, असा तो पाय. चाचणीसाठी पातळ तळव्याचे वेगळे बूट त्यांनी कपाटात ठेवले होते आणि त्यांना दुसऱ्या कोणी हात लावलेला त्यांना खपत नसे. खात्यातल्या लोकांनी त्यांचं नाव लोणी ठेवलं होतं. ते नाव त्याच कंपनीत लागलेल्या भाचीने घरी आणलं आणि मग लोणीमामा हेच नाव कायमचं चिकटलं.

तर असे लोणीमामा ऑपरेशननंतर पंधराव्या दिवशी काठी दोन पायांमध्ये धरून बाजूच्या सीटवर बसले, मामींनी गाडी सुरू केली आणि पहिल्या चौकात मामांनी तोंड उघडलं.

"अगं, मांडीने काय दाबतेस? घोटा हलव, घोटा."

"घोटाच हलवतेय."

"पेडल आहे ते, झुरळ नाही."

"अहो, मागचा कधीचा हॉर्न वाजवतोय. त्याला समजावा घोटा."

गाडीच्या इंजिनाला चार सिलिंडर होते. फार ताण नसला की त्यांतले दोन आपोआप झोपी जायचे आणि उरलेले दोन गाडी ओढायचे, म्हणजे इंधन कमी. दोघं झोपले की समोर एक छोटं हिरवं पान उजळायचं. मामा चालवत तेव्हा ते पान घरापासून बाजारापर्यंत विझायचं नाव घेत नसे. मामींच्या पायाखाली ते लागलं, विझलं, लागलं, विझलं. दर वेळी झोपलेले दोघं दचकून उठायचे आणि गाडीला बारीकसा हिसका बसायचा. गुडघ्याचा व्यायाम करून घेणाऱ्या दवाखान्यापाशी पोचल्यावर मामांनी पडदा बघितला. तेरा पॉइंट आठ.

"तेरा!" मामा ओरडलेच. "ही गाडी एकवीस देते."

"तुम्हाला देते," मामी म्हणाल्या आणि त्यांच्या बाजूचं दार उघडायला गेल्या.

पहिला आठवडा मामांनी बायकोला शिकवण्यात घालवला. दुसऱ्या आठवड्यात त्यांच्या लक्षात येऊ लागलं की बायको वाईट चालवत नाही. ती वेळेवर ब्रेक लावत होती, उगाच रेस करत नव्हती, चार माणसं चालवतात तशीच चालवत होती. आपण त्या चार माणसांतलेच एक असतो तर हा आकडा आपल्यालाही दिसला असता, एवढं कळल्यावर मामा बोलायचे थांबले. मामींना वाटलं, गुडघा दुखत असेल.

तिसऱ्या आठवड्यात व्यायाम घेणाऱ्या बाई, मामांचा पाय दोन्ही हातांत धरून वाकवत असताना, खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या, "ती निळी गाडी तुमची का? माझीही तीच आहे. काय देते हो तुमची?"

मामांच्या आधी मामीच म्हणाल्या, "मला चौदा."

"मलाही चौदा. एक कण वर नाही. आणि कंपनीने छापलंय एकवीस पॉइंट चार! ज्या कोणी तो आकडा काढला ना, त्याला एकदा माझ्यासमोर आणून बसवा." असं म्हणून बाईंनी पाय आणखी थोडा वाकवला.

मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. "दुखलं का?" बाईंनी विचारलं. मामांनी मान हलवली. तो आकडा ज्या पायाने काढला होता, तो पाय त्या वेळी बाईंच्याच हातात होता.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. कंपनीला छोट्या गाडीसाठी एक इंजिन निवडायचं होतं आणि दोन इंजिनं तयार होती. पहिलं हे, चार सिलिंडरचं, त्यांतले दोन झोपणारं. ते खातेप्रमुखांच्या लाडाचं होतं. कामगार त्याला झोपाळू म्हणत. दुसरं तीनच सिलिंडरचं, म्हणून त्याचं नाव तिपाई. त्यात हवा आत घेणारं व्हॉल्व्ह मुद्दाम उशिरा मिटायचं. आत घेतलेली थोडी हवा परत जाऊ द्यायची, पण पेटलेल्या वायूला मात्र पूर्ण पसरू द्यायचं, म्हणजे थेंबाथेंबातून जास्त काम निघतं. शिवाय किती हवा घ्यायची ते पेडल ठरवत नसे, इंजिन स्वतःच व्हॉल्व्ह कमीजास्त उघडून ठरवत असे. दिसायला तिपाई अगदीच बेंगरूळ, ओढही जरा कमी, आणि उभी असताना किंचित थरथरायची. ती मामांच्या भाचीने आठ वर्षं खपून उभी केली होती.

भाची म्हणजे मामांच्या थोरल्या बहिणीची मुलगी. दहाव्या वर्षी तिने मामांच्या स्कूटरचं कार्ब्युरेटर उघडून जेवणाच्या टेबलावर मांडलं होतं आणि बहिणीने घर डोक्यावर घेतलं होतं, तेव्हापासून घरात तिला ठिणगी म्हणत. मामांनीच तिला इंजिनाचं वेड लावलं, मामांच्याच मागे लागून ती त्या कंपनीत आली. घरी ती मामाला अरे-तुरे करी, खात्यात चारचौघांत मात्र "तुम्ही".

नियम असा होता की प्रत्येक गाडी तीन ड्रायव्हरांनी चालवायची आणि तिघांची सरासरी धरायची. पण एकाची कंबर धरली होती आणि दुसरा प्रशिक्षणाला गेला होता. खातेप्रमुख साहेब म्हणाले, "लोणी, तुमचा पाय म्हणजे आमची मोजपट्टी. तुम्हीच चालवा. तीन माणसं कशाला हवीत?" साहेबांनी हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मामा चढले. वर जाताना सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलंसुद्धा, की भाची असली म्हणून काय झालं, माझ्याकडे कोणाला झुकतं माप मिळणार नाही.

पहिल्या दिवशी झोपाळू. पाचसात मिनिटांत मामांच्या पायाला ती जागा सापडली. पेडलची एक केसभर जागा. तिच्या खाली राहिलं तर दोन सिलिंडर झोपून राहतात, वर गेलं की जागे होतात. रेघेच्या दोन्ही बाजूंना ताशी दोन दोन किलोमीटरची सूट असते. मामांनी चढ येण्याआधीच हळूच वेग घेतला, उतार संपल्यावरही थोडा राखला आणि त्या केसभर जागेवर पाय ठेवून बसले. नियम एकही मोडला नाही. पान विझलं नाही. एकवीस पॉइंट चार. काचेपलीकडे जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेवढा मोठा आकडा त्या खोलीने आजवर पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिपाई. एकोणीस पॉइंट आठ. पुन्हा चालवली, एकोणीस पॉइंट आठ. मामांनी सगळं कसब पणाला लावलं, एकोणीस पॉइंट नऊ. कसंही दाबा, तिला फरक पडत नव्हता. मामांना ते इंजिन कंटाळवाणं वाटलं. त्यात पायाला करण्यासारखं काही नव्हतंच.

दुपारी ते बूट बदलत बसले होते, तेव्हा भाची आली. आसपास तीनचार जण होते, तरी तिच्या तोंडून घरचंच निघालं.

"मामा, सही करू नकोस अजून. उद्या झोपाळू दुसऱ्या कोणालातरी चालवू दे. स्टोअरच्या कारकुनाला दे, कोणालाही दे. एकदाच."

"का? माझा पाय खोटा आहे?"

"खोटा नाही रे. तुझ्यासारखा पाय कोणाकडे आहे? गाड्या घेणार ती माणसं तुझ्यासारखी नाहीत ना."

झालं. मामांच्या नाकाला मिरची झोंबली. "तीस वर्षांत माझ्या सहीवर कोणी बोट ठेवलं नाही," ते मोठ्यांदा म्हणाले. "आज तुझं इंजिन हरलं म्हणून माझा पाय वाईट? मामा आहे म्हणून तुला पास करू का?"

कपाटापाशी उभे असलेले दोघे हसले. भाचीचा चेहरा उतरला. "नाही," ती म्हणाली. "तुम्ही सही करा."

मामांनी केली. इथे त्यांची बाजू घ्यावीशी फार वाटते, पण घेता येत नाही. कारण सही करताना त्यांना माहीत होतं. ती केसभर जागा जगातल्या दुसऱ्या कुठल्याही पायाला सापडायची नाही आणि सापडली तरी टिकायची नाही, हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. साहेबांना नाही, भाचीला नाही. असं निदान ते समजत होते. टाळ्या कानात होत्या, कागद समोर होता आणि आकडा सुंदर होता.

झोपाळू निवडलं गेलं. तिपाईचे साचे वितळवून टाकले. दोन महिन्यांनी भाचीने नोकरी सोडली आणि एका तंत्रशाळेत शिकवायला लागली. मामांशी ती भांडली नाही. येणंजाणं राहिलं, वाढदिवसाला फोन राहिला. फक्त घरीही ती "तुम्ही" म्हणू लागली. मामी एकदा म्हणाल्या, "मोठी झाली हो पोर." मामांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी झोपाळूचीच गाडी घेतली, आणि भेटेल त्याला एकवीस देते म्हणून सांगत सुटले.

चौथ्या आठवड्यात, व्यायाम झाल्यावर, मामा मामींना म्हणाले, "ठिणगीच्या शाळेवरून जाऊ."

"आता? काही काम आहे?"

"आहे. सहा वर्षांपूर्वीच करायचं होतं."

मामींनी नवऱ्याच्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि पुढे काही न विचारता गाडी वळवली. शाळेच्या आवारात त्या गाडीतच थांबल्या.

कार्यशाळेत तास नुकताच सुटला होता. भाची फळा पुसत होती. केसांत पांढरं दिसत होतं. मामांनी ते आजवर नीट बघितलंच नव्हतं. "या ना मामा," ती म्हणाली आणि लगबगीने स्टूल पुढे केलं. "जिने कशाला चढलात? गुडघा कसा आहे तुमचा?"

मामांचं लक्ष तिच्या प्रश्नाकडे नव्हतं. खोलीच्या मधोमध लोखंडी स्टँडवर एक इंजिन होतं, मधोमध कापलेलं. मुलांना आतलं दिसावं म्हणून हवेच्या वाटा निळ्या आणि धुराच्या तांबड्या रंगवल्या होत्या. बाजूला एक हँडल बसवलं होतं. तीन सिलिंडर. बघितल्याबरोबर त्यांनी ओळखलं.

"एवढी एकच वाचली," भाची म्हणाली. "भंगारात निघाली होती. मागून आणली."

मामा स्टुलावर बसले. वाटेत त्यांनी भाषण जुळवलं होतं, ते सगळं विसरले. "मला माहीत होतं गं," ते म्हणाले. "सही केली तेव्हाच माहीत होतं. तो आकडा गाडीचा नव्हता, माझा होता. तुझ्या मामीला तेरा देते. तू सांगत होतीस आणि मी तुला चारचौघांत तोडून टाकलं."

भाचीने डस्टर खाली ठेवलं. थोडा वेळ हातावरची खडूची पावडर झटकत राहिली.

"मलाही माहीत होतं," ती म्हणाली. "पेडलची रेघ छापून येते ना, प्रत्येक चाचणीची. तुमची मी दुसऱ्याच दिवशी काढून बघितली. बारा मिनिटं सरळ. पट्टी लावून ओढल्यासारखी. माणसाचा पाय असा राहत नाही."

"मग दाखवली का नाहीस? तो कागद साहेबांपुढे टाकला असतास तर चाचणी परत घ्यावी लागली असती!"

"निघाले होते दाखवायला. दारापर्यंत गेले. तुमच्या निवृत्तीला अकरा महिने होते. सगळे म्हणाले असते, लोणीने आकडा फुगवला. पोरांनी तुमची चेष्टा केली असती. ते काही मला बघवलं नसतं. म्हणून परत फिरले."

मामांना वाटलं, हिने दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं. आठ वर्षांचं काम तिने एका हातात धरलं होतं, दुसऱ्या हातात त्यांची अब्रू, आणि तिने काम सोडून दिलं. आणि ते सहा वर्षं त्या अब्रूत ऐटीत हिंडत होते.

"मी कंपनीला पत्र लिहितो," ते घाईने म्हणाले. "सगळं लिहितो. सही माझी, चूक माझी."

"कोणाला लिहिणार? साहेब गेले सोडून. साचे नाहीत. आता तर सगळे बॅटरीच्या मागे लागलेत, इंजिन कोणाला हवंय?" ती हे चिडून म्हणाली असती तर मामांना सोसलं असतं. ती मुलांना धडा समजावून सांगावा तशी सांगत होती.

मामांनी काठी टेकून उठायचा प्रयत्न केला. जमलं नाही. मग बसल्या बसल्याच हात लांब करून त्यांनी हँडल धरलं आणि फिरवलं. तिन्ही दट्टे खालीवर झाले. निळ्या वाटेवरचं व्हॉल्व्ह उघडलं, दट्टा खाली जाऊन वर निघाला तरी मिटलं नाही, आणि मग सावकाश मिटलं. फार सुरेख काम होतं. त्या दिवशी त्यांनी ते बघितलंच नव्हतं.

"कंटाळवाणं वाटलं होतं मला हे," ते म्हणाले. "कसंही दाबलं तरी तेच. पायाला काही कामच नाही."

"तेच तर करायचं होतं." भाची हसली, आणि हसता हसता तिचा आवाज फाटला. "मामा, मी लहान असताना बाबांच्या गाडीत मला उलटी व्हायची. आठवतं? धक्के मारत चालवायचे ते. आणि तुझ्या गाडीत बसलं की पाच मिनिटांत झोप लागायची. तेव्हापासून माझ्या डोक्यात होतं. असं इंजिन करायचं, की चालवणारा कोणी का असेना, बाबा असोत नाहीतर मामी असो, चालवतोयस तूच असं वाटलं पाहिजे." तिने तिपाईवर हात ठेवला. "तुझाच पाय घातला होता रे मी हिच्यात."

मामा ओक्साबोक्शी रडले. साठी उलटलेला माणूस, मुलांच्या स्टुलावर बसून. भाचीने त्यांच्या पाठीवर हात ठेवला, त्यांना समजावलं नाही, की जाऊ दे म्हणाली नाही. बाहेर पुढच्या तासाची मुलं दाराशी जमली होती. थोड्या वेळाने तिने मामांना हाताला धरून उठवलं आणि जिना उतरवून गाडीपर्यंत सोडलं. दार लावताना म्हणाली, "पुढच्या वेळी खालूनच हाक मार. मी येईन खाली."

घरी येईपर्यंत पान लागत होतं, विझत होतं, गाडी हिसके देत होती. मामींनी दोनदा तिरक्या नजरेने बघितलं, पण मामांच्या तोंडून ना घोटा निघाला, ना झुरळ. दारात गाडी उभी करून त्यांनी चावी फिरवण्याआधी सवयीने बोट आकडा शून्यावर आणणाऱ्या बटणाकडे नेलं.

मामांनी त्यांचा हात धरला.

"राहू दे," ते म्हणाले. "तेरा पॉइंट नऊ. खरा आकडा तोच आहे."